मालनच्या मापाचा ओटा

“टाकी खाली बसली पाहिजे ना वहिनी,” दस्तगीर मिस्त्री म्हणाला. “ओटा काय माणसाच्या मापानं बांधत नाहीत. गॅसच्या टाकीच्या मापानं बांधतात.”

“टाकी स्वयंपाक करते का?” मालननं विचारलं.

तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत पट्टीत होता. डावा हात तिनं ओट्याच्या कडप्प्यावर ठेवला होता, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तिला खांदा उचलावा लागत होता. दस्तगीरनं ते बघितलं, हसू दाबलं आणि मग माझ्याकडे वळला.

“भाऊ, तुम्हीच सांगा. उद्या घर विकायची वेळ आली, तर लोक म्हणतील मिस्त्रीनं बाहुलीचा ओटा बांधलाय.”

“घर विकायचं नाही,” मालन म्हणाली.

“नका विकू. पण एक पद्धत असते वहिनी. सगळ्या कॉलनीत एकच उंची आहे. मला पट्टीपण लागत नाही. इथं आला, की झाला.” त्यानं स्वतःच्या कमरेच्या वर हात लावून दाखवला.

“तुमच्या कमरेवर मोजता, मग तुम्हीच येत जा भाकरी करायला.”

ओट्यापुढे उभी असलेली माझी थोरली बहीण, आक्का, हातातला चहाचा कप दस्तगीरला देत म्हणाली, “घ्या मिस्त्री. हिचं काय ऐकता? ओटा चांगलाय. मला तर अगदी बेतात येतो.”

“बघा! आक्कांना येतो की,” दस्तगीर म्हणाला. चहा पिऊन तो गेला.

मालन खाली बसली, लसणाची वाटी पुढ्यात ओढली आणि डाव्या हाताच्या नखानं लसूण सोलायला लागली. आक्कानं फोडणीसाठी मागितला होता.

मी तेव्हा विटा आगारात एसटीवर ड्रायव्हर होतो. मायणी रस्त्याला दोन खोल्यांचं घर नुकतंच बांधून झालं होतं. बांधकाम चालू असताना भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम मालननं केलं. कुठली वीट कच्ची भाजलेली आहे, कुठल्या कोपऱ्यात सिमेंट कमी पडलंय, हे तिला दस्तगीरइतकंच माहीत होतं. ओट्यावर कडप्पा चढवला त्या दिवशी चार माणसं लागली. माणसं बाजूला झाल्यावर ती हौसेनं ओट्यापुढे जाऊन उभी राहिली, तर कडप्प्याची कड तिच्या छातीला लागली. तेव्हा ती काही बोलली नाही. घर नवीन होतं, सगळे कौतुक करत होते.

मालन बुटकी होती आणि मी ताडमाड. आमच्या लग्नात माझ्या मित्रांनी खूप चेष्टा केली होती. हार घालायच्या वेळी मला त्यांनी मान ताठ ठेवायला लावली. मालननं दोनदा हात वर केले, ते माझ्या हनुवटीपर्यंतसुद्धा आले नाहीत. सगळा मांडव हसत होता. मग ती मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “वाका. नाहीतर हार गुडघ्याला बांधीन.” मी वाकलो. आमच्या संसारातलं हे तिचं पहिलं वाक्य.

नव्या घरात तिनं रुखवतातला पाट काढला. शिसवी, वर पितळेची फुलं ठोकलेला आणि पाय चांगले उंच. पाट कसला, चौरंगाचा धाकटा भाऊच. तो ओट्यापुढे टाकायचा, त्यावर उभं राहून स्वयंपाक करायचा. पीठ घ्यायला खाली, भाकरी थापायला वर, पाणी घ्यायला खाली, फोडणी द्यायला वर. पितळेची फुलं पायाला गुळगुळीत लागायची. एक दिवस आमटीचं पातेलं सांडशीनं उतरवताना पाट कलंडला आणि उकळती आमटी तिच्या हातावर आली. पातेलं अंगावर घेण्याऐवजी तिनं ते भिंतीकडे ढकललं, म्हणून तोंड वाचलं.

आक्का त्याच आठवड्यात कडेगावहून मदतीला आली. आक्का उंच होती, आमच्या घराण्यातली सगळीच उंच. तिनं पदर खोचला आणि स्वयंपाकघर हातात घेतलं. डबे वरच्या फळीवर गेले, कारण आक्काला वाकायला आवडायचं नाही. मीठ कुठं आहे हे मालनला विचारावं लागायला लागलं. आक्काला परत जायची घाई नव्हती. तिचं सुनेशी पटत नव्हतं. कारण विचारलं, तर म्हणायची, “कामाचा कंटाळा, दुसरं काय! ओट्यापुढं उभी राहिली की हिचे खांदे दुखतात.”

हाताची पट्टी निघाली. नवी कातडी गुलाबी, चकचकीत दिसायची. मालन म्हणाली, “आक्का, हात बरा झाला. आता मी बघत जाईन स्वयंपाकाचं.”

“परत भाजून घ्यायचंय? पाटावर चढून स्वयंपाक करतं का कुणी? पाटावर पाहुणा बसवायचा असतो. तो पाट फोड आणि बंबात घाल एकदाचा.”

“असू दे. लागेल कुणाला तरी,” मालन म्हणाली आणि तिनं पाट भिंतीला उभा करून ठेवला.

आक्का वाईट नव्हती. तिच्या हाताला चवही होती. पण घरात एकच ओटा असतो, आणि त्याच्यापुढे एकच बाई उभी राहू शकते.

एक दिवस दुपारी मी घरी होतो. आमची मुलगी संजीवनी तेव्हा बालवाडीत जायची. ती आली, दप्तर टाकलं. मालन मधल्या दाराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. पोर तिच्या खांद्याला धरून तिला ओलांडून आत गेली आणि म्हणाली, “आत्या, भाकरी दे.”

मालन म्हणाली, “अगं, मी इथं बसलीय की.”

संजीवनी म्हणाली, “तुझा हात कुठं पुरतोय?”

तिनं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. जे दिसत होतं, ते बोलली. आक्का आतून मोठ्यानं हसली. मालननं सूप बाजूला ठेवलं. थोड्या वेळानं मी अंगणात सायकल पुसत होतो, तिथं आली आणि मला विचारलं, “छन्नी कुठं मिळते?”

“कशाला?”

“लागणार आहे.”

मी बाजारातून छन्नी आणि हातोडा आणून दिला. ती काय करणार, ते मला समजलं होतं. मी परत विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कडेगावला यात्रा होती. आक्का संजीवनीला घेऊन नैवेद्याला जाणार आणि परत येणार होती. जाताना म्हणाली, “बळवंता, मी नाही तोवर खानावळीतून डबा आण. हिला ओट्याकडं जाऊ देऊ नको.” मीही त्याच दिवशी पुण्याची मुक्कामी गाडी घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, तर दारातूनच विटांचा भुगा दिसला. शेजारच्या दोन बायका आमच्या खिडकीतून आत बघत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, “भाऊ, आवरा वो वहिनींना. घर पाडायला लागल्यात.”

आत गेलो. मालननं साडीचा काचा मारला होता, डोक्याला माझा जुना खाकी शर्ट गुंडाळला होता. तोंड, भुवया, सगळं पांढरं झालेलं. ओट्याचा कडप्पा एका बाजूला खाली आणि एका बाजूला वर, असा तिरका उभा होता.

तिनं केलं होतं ते असं. कडप्पा ज्या दोन विटांच्या भिंतींवर बसला होता, त्यांना लागूनच आतल्या बाजूनं तिनं नुसत्या सुट्या विटांचे दोन ढीग रचले. ढिगांवर लाकडाची फळकुटं एकावर एक ठेवून ती कडप्प्याला खालून घट्ट भिडवली. सगळा भार त्यांच्यावर घेतला. मग भिंतींचे वरचे दोन थर छन्नीनं काढून टाकले. मागच्या भिंतीचं प्लास्टर खाली सोलून कडप्प्याला उतरायला वाट केली. आता एका बाजूला पहार घालून कडप्पा केसभर उचलायचा, पायानं एक फळकूट सरकवायचं, कडप्पा खाली घ्यायचा. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच. चार माणसांनी चढवलेला कडप्पा ती एकटी एकेक फळकुटानं खाली आणत होती.

“अगं, थांब,” मी म्हणालो. “मी एका बाजूनं धरतो.”

“हात लावू नका.”

“पडला तर पायाचा चुरा होईल.”

“माझ्या पायाचा होईल. तुम्ही बाहेर बसा.”

“मालन, वेडेपणा करू नको. मी घरात असताना तू एकटी...”

ती पहार टेकून उभी राहिली. “नीट ऐका. तुम्ही हात लावला, तर तो तुमचा ओटा होईल. उद्या आक्का येतील आणि म्हणतील, बळवंता, पहिल्यासारखा कर. तुम्हाला बहिणीपुढं नाही म्हणता येत नाही. तुम्ही कराल. म्हणून ह्या ओट्याला तुम्ही हात लावायचा नाही. आजही नाही आणि पुढंही नाही.”

मी उंबऱ्यात बसलो. खंबाटकी घाट मी धुक्यात उतरलोय, पावसात उतरलोय. पण त्या दुपारी उंबऱ्यात बसून मी जितका घाबरलो, तितका स्टिअरिंगवर कधी घाबरलो नाही.

उजव्या बाजूचं एक फळकूट अडकलं. ती पायानं ढकलत होती, ते हलत नव्हतं. तिनं पहार जरा जास्त रेटली. कडप्पा करकरला, पुढे सरकला आणि धाडदिशी खाली बसला. मी ओरडून उठलो. शेजारणी खिडकीपासून पळाल्या. धूळ खाली बसली, तेव्हा मालन भिंतीला पाठ लावून उभी होती आणि पहार तिच्या हातातच होती. कडप्पा सुट्या विटांच्या ढिगावर बसला होता. ढीग हलला नव्हता.

“तडा गेलाय का बघा,” ती म्हणाली. “हात न लावता बघा.”

मी वाकून बघितलं. “नाही गेला.”

“मग बसा परत.”

ऊन उतरायच्या सुमाराला कडप्पा सरळ बसला. तिनं पितळेच्या ताटात पाणी घालून ते वर ठेवलं. पाणी एका बाजूला जात होतं. तिकडे एक चपटी खपरी सारली, परत बघितलं, पाणी थांबलं. मग सांध्यांत सिमेंट भरलं. ते थापीनं नाही, उलथण्यानं. भाकरीचं उलथणं. मागच्या भिंतीवर, जिथं आधी ओटा होता तिथं, एक आडवी खरबरीत रेघ राहिली होती. ती म्हणाली, “राहू दे. नंतर बघू.”

मग ती ओट्यापुढे उभी राहिली. अनवाणी, जमिनीवर. दोन्ही हात कडप्प्यावर ठेवले. खांदे उचलावे लागले नाहीत. भाकरी थापताना असतात तसे तिनं हात दोन-चारदा फिरवले. माझ्याकडे बघितलं नाही. पण तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती पाठ कशी दिसत होती, हे मला आजही आठवतं.

“टाकी ठेवते आता,” ती म्हणाली.

टाकी गोल फिरवत तिनं ओट्यापाशी आणली आणि आत सारली. ठण्ण असा आवाज झाला. टाकीचं डोकं कडप्प्याला अडलं. तिनं तिरकी करून बघितली, मागे ओढून परत सारली. परत ठण्ण.

नेमका तेव्हाच दस्तगीर दारात आला. त्याला कुणीतरी बातमी दिली होती. त्यानं सगळं बघितलं, कडप्प्यावरून तळहात फिरवला, सांधे दाबून बघितले, ताटातलं पाणी बघितलं. मग टाकी बघितली आणि जोरात हसायला लागला.

“सांगितलं होतं का नाही वहिनी? टाकीच्या मापानं बांधतात म्हणून! आता काय करता? टाकी कापता का?”

मालन खाली फरशीवर बसली. दिवसभर काही खाल्लं नव्हतं. गुलाबी कातडीवर धूळ चिकटून हात भेगाळल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, आता ही रडणार. मी पुढे झालो.

ती टाकीकडे बघत होती. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. ओट्याच्या शेजारी तिवईवर पिण्याच्या पाण्याचा माठ होता. ती उठली, माठ उचलला, तिवईसुद्धा उचलली. तिवई ओट्याखाली ठेवली, तिवईवर माठ ठेवला. माठ ऐटीत आत बसला. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात तिनं टाकी उभी केली. नळी ओढून बघितली. ती शेगडीपर्यंत पुरली.

“टाकीला उभं राहायला जागा पाहिजे होती ना मिस्त्री?” ती म्हणाली. “मग राहू दे तिला तिथं उभी. मला पाटावर चढायला सांगू नका.”

दस्तगीर हसायचा थांबला. डोकं खाजवलं. “माठ आत आणि टाकी बाहेर,” तो म्हणाला. “हे डोक्यात आलं नव्हतं.”

“तुम्ही कधी ओट्यापुढं उभे राहिलात?”

“सिमेंटला पाणी मारा आठ दिवस,” तो जाताना म्हणाला.

“पाणी मारायचं मला शिकवू नका.”

यात्रा करून आक्का परत आली. हातात प्रसादाची पिशवी होती. स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली.

“अगं बाई! हे काय? कोयनेचा धक्का बसला का काय?”

“ओटा खाली घेतला,” मालन म्हणाली. “मी घेतला.”

“बळवंता!”

“मी हात लावलेला नाही,” मी म्हणालो.

आक्का पुढे आली. ओटा तिच्या मांडीला लागत होता. तिनं पिशवी ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, “बघू तरी.” त्या संध्याकाळी स्वयंपाक तिनंच केला. मालननं करू दिला. आक्का कमरेत वाकून भाज्या चिरत होती. दर थोड्या वेळानं सरळ व्हायची, कमरेवर हात ठेवायची, परत वाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळीही तीच उभी राहिली. भाकऱ्या थापताना मात्र तिनं परात ओट्यावर आदळली.

“बळवंता, इकडं ये. दस्तगीरला आजच्या आज बोलाव. हा ओटा पहिल्यासारखा करून घे. माणसानं उभं कसं राहायचं इथं? माझ्या कमरेचा काटा ढिला झाला.”

मी दोघींच्या मधे उभा होतो. मालन भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. आक्कानं मला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. आमची आई लवकर गेली, तेव्हा माझ्या तोंडात पहिला घास आक्कानंच घातला होता. तिला नाही म्हणायची माझ्या तोंडाला सवयच नव्हती.

“आक्का,” मी म्हणालो, “ह्या ओट्याला मी हात लावणार नाही. दुसऱ्यालाही लावू देणार नाही.”

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग मालनकडे वळली. “म्हणजे मी जावं, असं म्हणणं आहे का तुझं?”

“कशाला जाताय?” मालन म्हणाली.

तिनं भिंतीला उभा केलेला तो पाट उचलला. पदरानं पुसला. पितळेची फुलं चमकली. स्वयंपाकघराच्या मधोमध तो मांडला, पुढे ताट ठेवलं, ताटाशेजारी पाण्याचा तांब्या.

“बसा आक्का. गरम भाकरी वाढते.”

आक्का पाटाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, ती तशीच पिशवी उचलून बाहेर पडेल. पण मग तिनं खोचलेला पदर सोडला, गुडघ्यांवर हात टेकवत खाली वाकली आणि पाटावर बसली. मालन ओट्यापुढे उभी राहिली. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. भाकरी टम्म फुगली. तव्यावरून थेट ताटात. वर आक्काच्याच हातची चटणी वाढली.

आक्कानं अर्धी भाकरी खाल्ली, मग म्हणाली, “मीठ कमी पडलंय.”

“मीठ वरच्या फळीवर आहे. खाली घेते आता.”

“घे,” आक्का म्हणाली. थोड्या वेळानं ताट पुढे सरकवलं. “आणखी एक दे.”

तेवढ्यात संजीवनी आली. दप्तर टाकलं आणि आत बघितलं. आत्या पाटावर बसलेली, आई ओट्यापुढे. पोर जरा गोंधळली. मग आईजवळ गेली आणि तिचं लुगडं ओढून म्हणाली, “मला पण.”

आक्का आणखी थोडे दिवस राहिली. आराम केला, कीर्तनाला गेली, संजीवनीला गोष्टी सांगितल्या. जाताना मी तिला स्टँडवर पोचवायला गेलो. ती खिडकीशी बसली होती. गाडी सुटायच्या बेतात आली, तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाली, “बळवंता, आमची सून मालनएवढीच आहे रे.”

“हो. थोडी बुटकीच असेल.”

“खांदे दुखतात म्हणायची,” आक्का म्हणाली. कंडक्टरनं घंटी दिली. पुढे तिनं काय केलं, मी विचारलं नाही. पण परत ती जेव्हा आली, तेव्हा नेहमी पाहुणी म्हणून आली आणि दारातूनच ओरडायची, “मालन, पाट टाक गं!”

त्या ओट्यावर मालननं सगळा संसार केला. संजीवनी मोठी झाली, माझ्यावर गेली, उंच. तिच्या लग्नाचे लाडू त्याच ओट्यावर वळले. घराला नंतर कितीदा रंग दिला, पण भिंतीवरची ती आडवी रेघ काही बुजली नाही. मालन म्हणायची, बुजवायचीच नाहीये.

गेल्या पौषात मालन गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी तिला घराचीच काळजी होती.

“मी गेल्यावर ओटा वर घ्या,” ती म्हणाली. “दस्तगीरचा मुलगा करतो आता कामं. तुम्ही वाकून वाकून मराल.”

“बरं.”

“बरं नको. करा.”

“मी हात लावायचा नाही, असं तूच सांगितलंयस. आजही नाही आणि पुढंही नाही.”

ती हसली. मग तिला धाप लागली आणि नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं.

तेराव्यापर्यंत संजीवनी इथं होती. स्वयंपाक तिनं केला आणि तिची कंबर धरली. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही चिंचवडला चला. एकटे काय करणार? इथं उभं राहणं मला जमत नाही, तुम्हाला काय जमणार? नाहीतर हा ओटा मोडून चांगला ग्रॅनाइटचा करून घेऊ. नाहीतर डबा लावू.”

“तुझ्या घरचा ओटा कुणाच्या मापाचा आहे?” मी विचारलं.

“माझ्या. मी बिल्डरशी भांडून करून घेतला.”

“मग ह्याला मोड म्हणू नको.”

“अहो पण बाबा, आई तर आता...”

“मी येणार नाही. डबा लावणार नाही. ओटाही मोडणार नाही.”

ती चिडून गेली. रोज फोन करून काय खाल्लं विचारायची. मी भात टाकायचो, आमटी करायचो. दोन्ही वेळा कंबर धरून उभा राहायचो. आमटी करपायची, कारण वाकून शेगडीकडे बघत राहणं व्हायचं नाही. कधी नुसतं दूध-भात खाऊन झोपायचो. एकदा उठताना चमक भरली आणि दोन दिवस अंथरुणावर काढले. तेव्हा पडल्या पडल्या भिंतीला उभा असलेला पाट दिसत होता. तिनं कधी फोडू दिला नव्हता.

बरं वाटल्यावर मी उठलो. पाट पुसला. शेगडी उचलली, ओट्यावर पाट ठेवला, त्यावर जाड पत्रा टाकला आणि वर शेगडी ठेवली. नळी पुरली. शेगडी बरोबर भिंतीवरच्या जुन्या रेघेला आली. दस्तगीरचं माप मला अगदी बेतात येतं.

गेल्या रविवारी संजीवनी आली. दारातच थांबली. “बाबा, हे काय केलंय?”

“ओटा तिच्या मापाचा आहे. शेगडी माझ्या मापाची केली.”

ती जवळ आली. पाटाच्या पितळी फुलांवरून बोट फिरवलं. मग खाली बसकर टाकून बसली आणि म्हणाली, “भूक लागलीय. भाकरी येते का तुम्हाला?”

“येते आता.”

पीठ मळायला मात्र परात ओट्यावरच ठेवावी लागते. पाटावर जागा नाही. तेवढं वाकतो.